सिरिमावो बंदरनायके : दिल्लीशी बरोबरीने बोलणाऱ्या पंतप्रधान

१० ऑक्टोबर २००० रोजी श्रीलंकेत संसदेच्या निवडणुकीचे मतदान चालू होते. ८४ वर्षांच्या सिरिमावो बंदरनायके यांनी मत दिले आणि कोलंबोला परतताना वाटेतच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. जगातील पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. भारतासाठी त्या आणखीही कोणी होत्या: अवाढव्य शेजाऱ्यापुढे न दबता आणि त्याच्याशी न भांडता आपल्या बेटाचे हित साधणाऱ्या राजकारणी.

त्यांचा जन्म १७ एप्रिल १९१६ रोजी रतवत्ते या सरदार घराण्यात झाला. बौद्ध घरातील ही मुलगी कोलंबोच्या कॅथलिक कॉन्व्हेंटमध्ये शिकली. १९४० मध्ये सॉलोमन बंदरनायके यांच्याशी विवाह झाल्यावर घर, मुले आणि ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेचे काम एवढेच त्यांचे विश्व होते. सप्टेंबर १९५९ मध्ये पंतप्रधानपदी असलेल्या पतीची एका भिक्षूने गोळ्या झाडून हत्या केली. पक्षाच्या आग्रहाने त्या प्रचारात उतरल्या आणि २१ जुलै १९६० रोजी पंतप्रधान झाल्या.

दोनच वर्षांत भारत आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. डिसेंबर १९६२ मध्ये सिरिमावोंनी सहा अलिप्त देशांची परिषद कोलंबोत बोलावली आणि तिचे प्रस्ताव घेऊन त्या स्वतः पेकिंग व दिल्लीला गेल्या. भारताने ते पूर्णपणे मान्य केले, चीनने अटी घातल्या. मध्यस्थी फळली नाही; तरी लहान देशालाही मोठ्यांच्या भांडणात बोलण्याचा अधिकार असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांची खरी कसोटी मात्र सिलोनच्या चहामळ्यांच्या प्रश्नावर लागली. ब्रिटिशांनी मळ्यांत राबण्यासाठी नेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने राज्यहीन झाले होते. नेहरूंच्या काळात न सुटलेला हा गुंता ३० ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो यांच्या कराराने बराचसा सुटला. ९ लाख ७५ हजारांपैकी ५ लाख २५ हजार लोकांना भारताने स्वीकारायचे, ३ लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यायचे आणि उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढे घ्यायचा, असे ठरले. १९७४ मध्ये इंदिरा गांधींशी बोलणी होऊन तो दीड लाखही निम्मा निम्मा वाटला गेला.

मुत्सद्देगिरीच्या पुस्तकात याला यश म्हणतात. पण ज्यांची ही वाटणी झाली, ते मजूर वाटाघाटीच्या टेबलावर नव्हते. मळ्यांवरच जन्मलेली, भारत कधीही न पाहिलेली कुटुंबे तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरला उतरली. त्यांतील अनेकांनी पुढे नीलगिरीच्या उतारांवर पुन्हा चहाच खुडला.

१९७० मध्ये सिरिमावो पुन्हा सत्तेवर आल्या. एप्रिल १९७१ मध्ये तरुणांचे सशस्त्र बंड उसळले, तेव्हा त्यांनी अनेक देशांकडे मदत मागितली. भारतानेही हेलिकॉप्टरे आणि युद्धनौका धाडल्या. त्याच वर्षी भारताने आपले आकाश बंद केल्यामुळे वळसा घालून पूर्व बंगालकडे जाणाऱ्या पाकिस्तानी विमानांना मात्र कोलंबोत इंधन मिळत राहिले. दिल्लीला हे रुचले नाही, तरी संबंध तुटले नाहीत. जून १९७४ च्या सागरी सीमा करारात तर कच्चतीवू हे निर्जन बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेले. १९७६ मध्ये एकमेकांच्या पाण्यातील मासेमारी बंद झाली आणि रामेश्वरच्या मच्छीमारांची तक्रार आजही संपलेली नाही.

घरच्या आघाडीवर हा समंजसपणा त्यांना दाखवता आला नाही. सिंहली भाषेचा आग्रह आणि १९७२ च्या संविधानातील बौद्ध धर्माचे अग्रस्थान यांमुळे उत्तरेकडील तमिळ समाज दुरावला. १९७७ मध्ये सत्ता गेली आणि १९८० मध्ये त्यांचे नागरी हक्कही काढून घेण्यात आले. मतदानाचा हक्क लाखोंना नाकारणाऱ्या व्यवस्थेच्या या प्रमुखाला स्वतःलाही काही वर्षे हक्कहीन राहावे लागले. १९९४ मध्ये कन्या चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या तिसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या. पण एव्हाना खरी सत्ता राष्ट्राध्यक्षपदाकडे गेली होती.

मळ्यांवर उरलेल्या राज्यहीनांना नागरिकत्व देणारा कायदा श्रीलंकेने २००३ मध्ये केला. तेव्हा सिरिमावोंना जाऊन तीन वर्षे झाली होती. परदेशी राहून पासपोर्ट आणि व्हिसा यांचे मोल जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या ५५ वर्षांच्या प्रतीक्षेचा अर्थ वेगळा सांगायला नको. दोन सरकारांची मैत्री मोजताना तिची किंमत कोणी चुकवली, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.