गोपुरीचा धडा आणि आपली चूल

१ मे १९८१ रोजी महाराष्ट्राच्या नकाशावर जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकाच दिवशी अवतरले. एक ज्वारी, कापूस व मोसंबीचा आणि पावसाची वाट पाहणारा. दुसरा भाता-नारळाचा आणि पावसात न्हाणारा. जन्मतारखेपलीकडे या दोहोंत साम्य शोधू गेल्यास फारसे हाती लागणार नाही. तथापि जालन्याच्या चुलीचा आणि उकिरड्याचा एकत्र विचार करू लागले की सिंधुदुर्गातील कणकवलीची आठवण अपरिहार्य ठरते. घरातील घाणीतूनच घरातील इंधन निर्माण करता येईल, आणि त्या इंधनाबरोबर समाजावरचा एक जुना कलंकही धुऊन काढता येईल, हा विचार ज्यांनी आचरणात आणून दाखविला, ते अप्पासाहेब पटवर्धन तेथेच गोपुरी आश्रमात राहत होते.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासविषय. पुण्यातील महाविद्यालयात प्राध्यापकीही मिळाली. त्या काळच्या मध्यमवर्गाला हेवा वाटावा असा हा मार्ग होता. तो सोडून ते गांधीजींच्या आश्रमात गेले आणि पुढे रत्नागिरी जिल्हा हेच त्यांनी आपले कार्यक्षेत्र मानले. गांधीजींचे आत्मचरित्र मराठीत आणणारे ते हेच. पण गांधीविचाराचे भाषांतर करून ते थांबले नाहीत, तो विचार त्यांनी हातांनी राबविला. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले ते या हातांमुळे.

१९३२ सालचा प्रसंग त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली आहे. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्च जातीच्या कैद्याला हे काम देता येत नाही, अशी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची भूमिका होती. अप्पासाहेबांनी त्याविरुद्ध उपवास आरंभिला आणि येरवड्याला असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न वर्ज्य केले. अखेर परवानगी मिळाली. सत्याग्रही तुरुंगात सवलतीसाठी झगडतात, हे लोकांनी पाहिले होते. मैला उचलण्याच्या हक्कासाठी झगडणारा माणूस विरळाच. घाण करणारा एक आणि ती काढणारा जन्मानेच ठरलेला दुसरा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. या वाटणीवर नुसती व्याख्याने देऊन ती मोडणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कणकवलीत गोपुरी आश्रम उभा राहिला. मेलेल्या जनावरांची कातडी सोडविणे, ती कमावणे, हाडा-मांसाचे खत करणे ही कामे या ब्राह्मण प्राध्यापकाने स्वतः केली. संडासाचे स्वस्त व सोपे नमुने तयार केले. दुसऱ्या माणसाला मैल्याला हात लावावा लागू नये आणि त्याचे सोनखत मात्र शेताला मिळावे, हा त्यामागचा हेतू. त्याच ओघात ते गॅसकडे वळले. शेण आणि मैला बंद टाकीत कुजविला तर दुर्गंधीऐवजी ज्वलनशील वायू मिळतो आणि खताचा कसही राहतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या लेखी नवी नव्हती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली अशा वायूचा उपयोग झाला होता. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत डॉ. देसाई यांनी १९३७ नंतर शेणाच्या गॅसवर प्रयोग केले होते आणि जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे यंत्र बनविले होते. अप्पासाहेबांनी या शोधाला संडासाची आणि त्याबरोबर सामाजिक समतेची जोड दिली, हे त्यांचे वेगळेपण.

१९७१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत खनिज तेलाच्या भावाचा भडका उडाला आणि १९८१-८२ पासून सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. खेडोपाडी संयंत्रे बांधली गेली. त्यांतील कित्येक पुढे बंद पडली, हेही नाकारता येणार नाही. पत्र्याच्या टाक्या गंजल्या, दुरुस्तीला मिस्त्री मिळेना, ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातील बैल कमी झाले आणि दुष्काळात शेण कालवायला पाणी उरले नाही. एक घनमीटर गॅसला साधारण पंचवीस किलो शेण लागते आणि एवढा गॅस अर्धा किलो सिलिंडरच्या गॅसचीही बरोबरी करीत नाही. दोन-चार जनावरे नसलेल्या घराला हे गणित जमणारे नव्हते.

अप्पासाहेबांचा धागा पुढे दोन दिशांनी गेला. देहूचे डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेले गॅस संयंत्र सुधारून ‘मलप्रभा’ या नावाने प्रत्यक्षात आणले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दुसरीकडे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास शेणाऐवजी स्वयंपाकघरातील टाकाऊ अन्नावर चालणारे लहान संयंत्र तयार केले. त्यातील तत्त्व सोपे आहे. शेण म्हणजे जनावराने आधीच पचविलेला चारा; त्यात सत्त्व थोडेच उरलेले असते. शिळा भात, भाकरीचे तुकडे, खराब पीठ यांत पिष्ट भरपूर असते. शेणाला कुजण्यास महिना-सव्वा महिना लागतो, तर हे अन्न एक-दोन दिवसांत गॅस देऊ लागते. म्हणून रोज एक-दोन किलो टाकाऊ अन्न पुरते आणि हजार लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत काम भागते. आरंभी शेण घालावे लागते, पण ते विरजणापुरते.

जालन्यापुरता विचार केला तर या साधनाचे गुणदोष दोन्ही स्पष्ट दिसतात. येथील कडक उन्हाळा टाकीतील जिवाणूंना मानवतो. थंडीत मात्र गॅस घटतो. पाण्याची ओरड येथे नित्याची, आणि २०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. पण टाकीतून बाहेर पडणारे पाणीच पुन्हा कालवणासाठी वापरता येत असल्याने ताज्या पाण्याची गरज थोडी राहते. आणखी एक सावधगिरी खास या जिल्ह्यासाठी. मोसंबीच्या सालीतील तेल गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारक असते. तेव्हा रसवंतीवरचा सालींचा ढीग टाकीत ओतणाऱ्याला धूर नाही आणि ज्योतही नाही, असा अनुभव येईल. सालींची जागा खताच्या खड्ड्यात. खाणे अति झाल्यास माणसाचे पोट बिघडते, तसे टाकीचेही बिघडते. आत आंबटपणा वाढतो आणि गॅस थांबतो.

एक टाकी सिलिंडरला हद्दपार करील, अशी आशा कोणी दाखवीत असेल तर ती खोटी आहे. दोन वेळच्या स्वयंपाकातील काही भाग भागेल, एवढेच. परंतु ज्या घरी अजून पऱ्हाटी आणि तुराटीवर चूल पेटते, तेथे धुराविना पेटणारी एक वेळची ज्योतही लहान गोष्ट नव्हे. शहरात आरंभ करावयाचा तर वसतिगृहे, खानावळी आणि मंगल कार्यालये यांच्यापासून करावा. तेथे उरलेल्या अन्नाला तोटा नाही. आणि अनुदानापेक्षा दुरुस्तीची सोय आधी व्हावी. पोलादाच्या कारखान्यांच्या या शहरात जोडकाम जाणणाऱ्या हातांना तोटा नसावा.

तरीही खरा प्रश्न यंत्राचा नाही. टाकीत रोज खरकटे कोण घालणार, हा आहे. आपल्या घरांतील रिवाज पाहता हे काम न बोलता सुनेकडे, नाहीतर भांडी घासणाऱ्या बाईकडे जाईल. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ च्या नियमांनी बजावले. पण पुष्कळ घरांतून सारे एकत्र करून घंटागाडीत ओतले जात राहिले आणि ते निवडायला दुसऱ्याच कोणाचे हात लागले. हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले, तरी गटारात उतरून माणसे मरण्याचे थांबले नाही. वाटणी तीच आहे, फक्त पाटीची जागा गाडीने घेतली आहे.

अप्पासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी तुरुंगात उपवास केला तो नेमका या वाटणीविरुद्ध. आपली घाण आपण काढावी, ही त्यांची साधी अपेक्षा होती. शिकल्या-सवरल्या माणसाला ती आजही जड वाटते. शहाण्या माणसाने गॅसची टाकी बसवावी, हे ठीकच. पण ती बसविलेल्या घरातील कर्त्या पुरुषाने सकाळी वर्तमानपत्र हाती घेण्यापूर्वी कालच्या खरकट्याचे भांडे स्वतः नेऊन तीत रिकामे करावे. चुलीवरची निळी ज्योत त्यानंतर पेटेल, तेव्हा तिच्यात गोपुरीचा अंश आहे असे म्हणता येईल. एरवी तो नुसताच स्वस्त गॅस.