घरी आलेल्या विठ्ठलाचा कवी

आषाढी एकादशी आली की अवघ्या महाराष्ट्राचे मन चंद्रभागेच्या वाळवंटी धाव घेते. पण देह मात्र प्रत्येकाचा तेथवर पोहोचतोच असे नाही. कुणाला कारखान्याची पाळी चुकविता येत नाही, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे असतात, तर कुणाच्या कडेवर तान्हे मूल असते. अशा सर्वांसाठी शहाडचे विठ्ठल मंदिर हीच पंढरी होय. उल्हास नदीच्या काठच्या या गावी 1956 साली सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि पोटासाठी घाटावरून, कोकणातून आलेली माणसे या परिसरात स्थिरावली. बिर्ला मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील राउळात आषाढीस कल्याण, उल्हासनगर, आंबिवली या भागांतून भाविकांची रीघ लागते. ज्यांना पंढरीस जाता आले नाही, त्यांच्यासाठी पंढरीचा राणाच जणू रेल्वेच्या रुळांपाशी येऊन उभा राहिला आहे.

नेमका हाच भाव ज्याने आपल्या गीतांतून घरोघरी पोहोचविला, तो कवी आपल्याच ठाण्याचा. त्याचे आज स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. तो कवी म्हणजे जनकवी पी. सावळाराम.

त्यांचे मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. जन्म 4 जुलै 1914 रोजी वाळवे तालुक्यातील येडेनिपाणी या गावी झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात असले तरी त्या काळी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. कृष्णाकाठच्या त्या मुलखात जात्यावरची ओवी, भजनाचा टाळ आणि वारीची वाट ही शिकवावी लागत नाहीत; ती हवेतच असतात. निवृत्ती पाटलांच्या शब्दांत जो साधेपणा पुढे दिसला, त्याचे मूळ आम्हांस या मातीत दिसते.

पुढे ते ठाण्यास स्थायिक झाले. संगीतकार वसंत प्रभू यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचे स्वर लाभले, आणि मराठी भावगीताच्या दालनात एक वैभवशाली पर्व सुरू झाले. त्या काळची तबकडी एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे वाजे. तेवढ्या अवधीत मुखडा, दोन-तीन अंतरे आणि एक संपूर्ण आयुष्य सांगावयाचे, हे काम सोपे नव्हे. सावळारामांनी त्यासाठी शब्दकोशातील अवघड शब्द शोधले नाहीत. माजघरात, पाणवठ्यावर, अंगणात जे शब्द नित्य वापरले जातात, त्यांनाच त्यांनी सुरांच्या पालखीत बसविले.

सासरी निघालेल्या लेकीचे डोळे भरून आले, तेव्हा त्या आसवांत या कवीला गंगा-यमुना दिसल्या. ते गीत लताबाईंच्या स्वरात निघाले आणि मराठी घरांतील पाठवणीचे गीतच होऊन बसले. मास्टर दीनानाथ 1942 साली निवर्तले. कन्येसाठी कल्पवृक्ष लावून निघून गेलेल्या पित्याचे गीत सावळारामांनी लिहिले आणि ते त्यांच्या कन्येनेच गायिले. एका घरचे दुःख त्यांनी असे शब्दबद्ध केले की, ज्या ज्या लेकीचा पिता अकाली गेला, तिला ते आपलेच वाटले.

परंतु आजच्या दिवशी आम्हांस विशेष आठवते ते त्यांचे विठ्ठलगीत, ज्यात देवच भेटीस येतो. त्यातील स्त्रीने गळ्यात माळ घातलेली नाही, हाती टाळ धरलेला नाही, पंढरीची वाट तर तिने पाहिलेलीही नाही. घरच्या देव्हाऱ्यातच तिने आपले देव मानले. तरीही विठ्ठल तिच्या दारी येतो. भक्त पुंडलिकाची कथा याहून निराळी कोणती? आईबापांच्या सेवेत रमलेल्या पुंडलिकासाठी देव विटेवर तिष्ठत राहिला. सावळारामांनी ती वीट साध्या गृहिणीच्या उंबरठ्यापाशी आणून ठेवली.

तबकडीसाठी, चित्रपटासाठी, मोबदला घेऊन लिहिलेले गीत भक्तिगीत म्हणावे काय, असा प्रश्न काही सोवळ्या मंडळींनी विचारला तर नवल नाही. आम्ही एवढेच म्हणू की, गोरोबांनी मडकी विकली आणि सावता महाराजांनी मळा पिकविला. कष्टाचे मोल घेतल्याने त्यांची भक्ती उणी झाली नाही. गीताची कसोटी ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात लागते. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘कामगार सभा’ ऐकणाऱ्या श्रोत्यांनी ती कसोटी केव्हाच लावली आहे.

हा कवी केवळ शब्दांत रमणारा नव्हता. ठाणे महानगरपालिका 1982 साली अस्तित्वात आली. त्यापूर्वीच्या नगरपालिकेचे नगराध्यक्षपद त्यांनी भूषविले. ज्या जनांची सुखदुःखे गाइली, त्यांच्या पाण्याची, रस्त्यांची, दिव्यांची चिंताही त्यांनी वाहिली. ‘जनकवी’ ही उपाधी त्यांना दोन्ही अर्थांनी शोभते.

21 डिसेंबर 1997 रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. आज त्यांची गीते गाणाऱ्यांपैकी कित्येकांना ती कुणाची हे ठाऊक नसते. गायकाचे नाव ओठांवर राहते, कवीचे विस्मरणात जाते. गीत लोकांचे झाले, हा कवीचा मोठाच सन्मान. पण सन्मानाच्या मिषाने नाव पुसले जाऊ देणे ही कृतघ्नता होय. ओवी रचणाऱ्या असंख्य मायबहिणींची नावे आपण गमाविली. निदान या एका नावाचे तरी जतन करू या.

शहाडच्या राउळात आज दर्शनाची रांग लांबेल. ज्यांना तेथवरही जाता येणार नाही, त्या घरांतून सावळारामांचे एखादे गीत उमटेल. त्या घरीही विठ्ठल येईल, अशी आमची श्रद्धा आहे.