अरबी समुद्राच्या तळाचा वेध घेणारा डॉक्टर

वांद्र्याच्या बँडस्टँडवर ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे खडक ज्वालामुखीतून जन्मलेले आहेत. या खडकांचे दूरचे नातलग मुंबईपासून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, अरबी समुद्राच्या तळाशी आजही आकार घेत आहेत. त्या तळाचे रूप जगापुढे आणणाऱ्यांमध्ये लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट बेरेसफोर्ड सेमूर स्यूएल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

स्यूएल यांचा जन्म इंग्लंडमध्ये १८८० साली झाला. केंब्रिजमधील शिक्षणानंतर १९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पेशा डॉक्टरचा असला, तरी ओढ समुद्राची होती. १९१० मध्ये भारतीय सागरी सर्वेक्षणात 'सर्जन नॅचरलिस्ट' म्हणून त्यांची नेमणूक झाली. 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरील खलाशांवर उपचार करावेत आणि उरलेल्या वेळी समुद्राचा अभ्यास करावा, असे हे दुहेरी काम होते. सागरातील सूक्ष्म कवचधारी जीवांचे ते तज्ज्ञ झाले. १९२५ ते १९३३ या काळात त्यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले.

निवृत्तीच्या वयात त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठी जबाबदारी आली. सागरशास्त्रज्ञ सर जॉन मरे यांच्या निधीतून निघालेल्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपविण्यात आले. सप्टेंबर १९३३ मध्ये 'मबाहिस' हे छोटेखानी इजिप्शियन जहाज अलेक्झांड्रियाहून निघाले. ब्रिटिश व इजिप्शियन शास्त्रज्ञांच्या या तुकडीने कराची, मुंबई, मोम्बासा, झांझिबार, कोलंबो अशी बंदरे घेत मे १९३४ पर्यंत हिंदी महासागराचा वायव्य भाग पिंजून काढला.

प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे यंत्र जहाजावर होते. डेन्मार्कच्या 'डाना' मोहिमेने काही वर्षे आधीच या समुद्रातील पर्वतरांगेला 'कार्ल्सबर्ग' हे नाव दिले होते. मबाहिसच्या नोंदींतून या रांगेच्या माथ्यावर खोल दरी असल्याचे दिसून आले. १९३७ मध्ये स्यूएल आणि भूवैज्ञानिक जॉन वाइझमन यांनी या दरीची तुलना पूर्व आफ्रिकेतील खचदऱ्यांशी केली. समुद्रतळ म्हणजे गाळाचे सपाट मैदान, या समजुतीला छेद देणारा हा विचार होता. तथापि ती दरी तेथे का आहे, याचे पूर्ण उत्तर त्या काळच्या विज्ञानाकडे नव्हते.

हे उत्तर शिलारसाच्या पुरवठ्यात दडलेले आहे. कार्ल्सबर्ग रांगेपाशी दोन भूपट्ट वर्षाला साधारण दोन ते तीन सेंटीमीटर इतक्या संथ गतीने दूर सरतात. पूर्व प्रशांत महासागरात हा वेग काही ठिकाणी दहा सेंटीमीटरहून अधिक आहे. तेथे शिलारस मुबलक असल्याने रांगेचा माथा फुगून येतो. संथ रांगेत मात्र हा पुरवठा अपुरा आणि विषम असतो. रांगेच्या प्रत्येक खंडाच्या मध्यभागी शिलारस एकवटतो, त्यामुळे तेथे नवे भूकवच जाड बनते आणि खालचा भाग उष्ण राहतो. खंडाच्या टोकांकडे याच्या उलट घडते. भूकवच पातळ होते, पण थंड होऊन ताठर बनलेला भूपट्ट जाड असतो. ताण पडताच तो प्रस्तरभंगांनी तुटतो, खचतो आणि माथ्यावर दरी तयार होते. काही ठिकाणी तर भूकवचाखालील प्रावरणाचे खडकच तळावर उघडे पडतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये शिलारसाचा महापूर आला होता. त्यानंतर काही काळातच सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला आणि मधल्या फटीतून कार्ल्सबर्ग रांग जन्मली. मुंबईचा पाया घडविणारी ती सुबत्ता आणि आजच्या रांगेची ही टंचाई, ही एकाच इतिहासाची दोन टोके आहेत.

१९३४ मध्ये स्यूएल रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले. १९६२ मध्ये ब्रिटिश जहाज 'ओवेन'ने कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी केली. तिच्या आधारे फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये समुद्रतळ रुंदावत असल्याचा महत्त्वाचा पुरावा मांडला. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९६४ मध्ये स्यूएल यांचे निधन झाले.

पुढे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही याच रांगेचा अभ्यास हाती घेतला. एका डॉक्टरने चिकाटीने टिपलेल्या खोलीच्या आकड्यांचे मोल त्यामुळे अधिकच स्पष्ट झाले आहे.