खराट्याचा धर्म शिकविणारे श्री संत गाडगेबाबा

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थ व दानशूर देणगीदार यांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला, ही श्रींचीच कृपा होय. या मंगल प्रसंगी, सेवा हाच धर्म हे ज्यांनी स्वतःच्या हातांनी दाखवून दिले, त्या श्री संत गाडगेबाबांचे पुण्यस्मरण करणे उचित ठरेल.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. मातोश्री सखुबाई त्यांना घेऊन दापुरे येथे माहेरी राहिल्या. तेथे गुरे राखीत, नांगर धरीत बाबा वाढले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. कन्येच्या बारशाला मद्यमांसाचा रिवाज मोडून त्यांनी आप्तांना गोड जेवण घातले व जातभाईंचा रोष पत्करला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे व हाती खराटा, एवढाच त्यांचा संसार.

एखाद्या गावी गेले की बाबा कोणाची वाट न पाहता रस्ते झाडू लागत. दिवसभर त्यांनी गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडावीत, असा क्रम असे. देवापुढे पशुहत्या, कर्ज काढून सण, दारू व शिवाशीव यांवर ते कठोर प्रहार करीत. ऋणमोचनच्या यात्रेत भाविक नदीकाठच्या चिखलात घसरत. बाबांनी आधी स्वतः राबून वाट नीट केली व पुढे लोकवर्गणीतून तेथे घाट उभा केला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. त्या वास्तूंवर स्वतःच्या नातलगांचा मात्र कोणताही हक्क त्यांनी ठेवला नाही.

मुंबईकरांनी विशेष ध्यानात ठेवावे असे एक कार्य आहे. जे. जे. रुग्णालय हे सरकारी. तेथे रोग्याला खाट व औषध मिळे. परंतु परगावाहून त्याच्यासोबत आलेली आई किंवा भाऊ रात्री कोठे निजणार, हे कोणाच्याच कामात मोडत नव्हते. बाबांनी अशा लोकांसाठी रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली. सरकारने आपले काम करू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरकारच्या कामानंतरही माणसाचे माणसाकडे देणे उरते, आणि ते फेडणे हीच देवपूजा, हे त्यांनी दाखविले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये आपल्या जवळच वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १९५० व १९५७ साली, आपली उपनगरातील गावे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. नळ, दिवे, दवाखाने आले, हे चांगलेच झाले. पण पूर्वी विहिरीचा गाळ काढणे, पाखाडी स्वच्छ ठेवणे ही गावकीची कामे असत. ती हातून सुटली, तसा एकत्र येण्याचा प्रसंगही सुटला. आज मंदिराच्या दारात कचरा दिसला तर आपण खराटा शोधण्याआधी अर्जाचा कागद शोधतो. कर भरणाऱ्याने हक्क मागावा, यात गैर काही नाही. मात्र शेजारचा म्हातारा एकटा आजारी पडला असता त्याची विचारपूस कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही. जी सेवा आपण पूर्णपणे दुसऱ्यावर टाकली, तिचे पुण्यही आपल्या हातून गेले.

२०००-०१ साली राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास बाबांचेच नाव दिले. त्यातही शासनाचे ते बक्षीस व गावकऱ्यांचे ते श्रम, अशीच रीत आहे. बक्षीस वरून येईल. खराटा आपल्यालाच धरावा लागेल.

हे मंदिर आपण वर्गणीतून उभारले. आता त्याचे आवार दर आठवड्याला आपल्याच हातांनी झाडले जावे व येथे आलेला गरजू रिकामा परत जाऊ नये, एवढा संकल्प प्रत्येक घराने करावा. ती बुद्धी आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.