श्रीराम भिकाजी वेलणकर

श्रीराम भिकाजी वेलणकर (जन्म : राजापूर, २२ जून १९१५, मृत्यू : मुंबई, १ एप्रिल १९९९) हे भारतीय टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी व नाटककार होते. भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेल्या सहा अंकी पिनकोड पद्धतीचे ते जनक मानले जातात.

सेवाकाल

वेलणकरांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे झाला. टपाल व तार खात्यात सेवा करीत ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव झाले, तसेच टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य झाले. पिनकोडची योजना त्यांनी याच काळात आखली. १९७३ साली नवी दिल्ली येथे भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. ३१ डिसेंबर १९७३ रोजी ते सेवानिवृत्त झाले.

पिनकोडपूर्वीची स्थिती

स्वातंत्र्यानंतर टपालाचा वेग वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि नागपूर हे तिचे केंद्र ठरले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरी परत जात. अशा रीतीने थैली एका रात्रीत देशाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचू लागली. मात्र थैलीतील पत्रावरचा पत्ता वाचता आला नाही, तर विमानाने वाचविलेला वेळ वर्गवारीच्या टेबलावर वाया जाई.

पत्ते वाचण्यात दोन मुख्य अडचणी होत्या. देशभर पत्ते अनेक भाषांत व लिप्यांत लिहिले जात. त्यामुळे तमिळ किंवा बंगाली लिपीतील पत्ता विदर्भातील वर्गवारी करणाऱ्याला वाचता येईलच असे नव्हते. दुसरे म्हणजे, एकाच नावाची गावे अनेक होती. एक औरंगाबाद मराठवाड्यात, तर दुसरे बिहारमध्ये. खुद्द वेलणकरांच्या जन्मगावाच्या नावाचे राजापूर उत्तर प्रदेशातही आहे. त्या काळी मुलाने शहरातून घरी पाठविलेली मनीऑर्डर, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे किंवा आजारपणाची वार्ता हे सारे टपालानेच येई. पत्र चुकीच्या गावी जाऊन परत येईपर्यंत मुलाखतीची तारीख उलटून जाण्याची भीती असे.

क्रमांकाची रचना

वेलणकरांच्या योजनेत पोस्टल इंडेक्स नंबर, म्हणजेच पिन, हा डावीकडून उजवीकडे अधिकाधिक लहान क्षेत्राकडे नेतो. पहिला अंक देशातील विभाग, दुसरा उपविभाग आणि पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा दाखवितात. शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे असतात. आठ विभाग भौगोलिक असून नववा सैन्यदलाच्या टपालासाठी राखलेला आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड हे चौथ्या विभागात येतात. नागपूरचा ४४०००१ हा क्रमांक पाहिला, तर ४४ या अंकांवरून पत्र विदर्भाचे, ४४० वरून नागपूर शहराचे, एवढे गावाचे नाव न वाचताही कळते. रामटेक, उमरेड व काटोल यांचे क्रमांक ४४१ ने, वर्ध्याचा ४४२ ने, तर यवतमाळचा ४४५ ने सुरू होतो.

प्रत्येक टपाल कार्यालयाला स्वतंत्र पिन नाही. बटवडा करणाऱ्या एका कार्यालयाच्या क्रमांकाखाली अनेक शाखा कार्यालये येतात. त्यामुळे देशातील दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालयांचे काम सुमारे १९ हजार क्रमांकांत भागते.

मोठ्या शहरांतील जुने विभाग-क्रमांकही या पद्धतीत सामावले गेले. जुन्या मराठी पुस्तकांवर दिसणारे ‘मुंबई ४’ हे गिरगाव ४००००४ झाले, ‘पुणे ३०’ हे ४११०३० झाले. लोकांच्या सवयीचा अंक क्रमांकाच्या शेवटी कायम राहिला.

पद्धतीचा टिकाऊपणा

पिनकोड हा गावाच्या नावावर किंवा राज्याच्या सीमेवर अवलंबून नाही. बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले, २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड ही राज्ये निर्माण झाली, २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. तरी तेथील क्रमांकांची मूळ मांडणी बदलावी लागली नाही.

आंतरजालाच्या पत्त्यांशी साम्य

संगणकांच्या जागतिक जाळ्यापुढेही पुढे हाच प्रश्न उभा राहिला. तेथे प्रत्येक नाव व प्रत्येक क्रमांक जगात एकमेव असावा लागतो. अमेरिकेतील जॉन पोस्टेल हे दीर्घकाळ या नोंदी सांभाळीत. १९९८ साली हे काम ‘आयकॅन’ या संस्थेकडे सोपविण्याची व्यवस्था झाली आणि त्याच वर्षी पोस्टेल यांचे निधन झाले. आंतरजालावर नाव कायम ठेवून त्यामागील क्रमांक बदलता येतो, टपालात क्रमांक कायम राहून नाव बदलते. नाव व क्रमांक एकमेकांपासून मोकळे ठेवणे हे दोन्हींचे सूत्र आहे. मात्र पिनकोड एकाच देशाचे एक खाते ठरविते, तर आंतरजालाचा कारभार अनेक देश, संस्था व व्यवसाय यांच्या सहमतीवर चालतो. पूर्वीच्या पद्धतीतील सुमारे ४२९ कोटी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ साली संपला. लिप्यांची अडचणही तेथे होती. २०१४ साली ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम सुरू झाले.

संस्कृत साहित्य

वेलणकरांनी संस्कृतात शंभराहून अधिक पुस्तके व नाटके लिहिली. कालिदासचरितम्, मेघदूतोत्तरम् व राज्ञी दुर्गावती ही त्यांची काही नाटके. त्यांचे विलोमकाव्य विशेष गाजले. ते सरळ वाचले असता रामाची आणि उलट वाचले असता कृष्णाची स्तुती होते. या प्रकारात सोळाव्या शतकातील सूर्यकवींची रचना पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. संस्कृतच्या प्रसारासाठी वेलणकरांनी मुंबईत ‘देववाणी मंदिरम्’ ही संस्था स्थापन केली. १९९६ साली त्यांना संस्कृतसाठीचा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

वारसा

टपालाखेरीज बँका, विमा, कुरिअर व घरपोच विक्री या सर्व व्यवहारांत आज पिनकोड वापरला जातो. २०२५ साली टपाल खात्याने सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनालाही स्वतंत्र संकेत देणारी ‘डिजिपिन’ ही पद्धत आणली. तिच्यामुळे पिनकोड रद्द झालेला नाही. पिनकोड भारतात रोज असंख्य लोक लिहितात. वेलणकरांचे नाव मात्र त्या मानाने थोड्यांनाच परिचित आहे.