अबुल हसन (चित्रकार)

अबुल हसन (जन्म: इ.स. १५८९च्या सुमारास) हा मोगल सम्राट जहांगीर (कारकीर्द: इ.स. १६०५–१६२७) याच्या दरबारातील अग्रगण्य लघुचित्रकार होता. राजसत्तेचे प्रतीकात्मक चित्रण करणाऱ्या त्याच्या रूपकचित्रांसाठी तो विशेष ओळखला जातो.

जीवन

अबुल हसनचे वडील आका रिझा हे इराणी चित्रकार असून शाहजादा सलीमच्या, म्हणजेच पुढील काळातील जहांगीरच्या सेवेत होते. त्यामुळे अबुल हसन राजाश्रयातच वाढला. इ.स. १६००मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्याने जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या मुद्राचित्रावरून संत जॉनचे रेखाटन केले. हे रेखाटन ऑक्सफर्ड येथील अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. इ.स. १६१८मध्ये त्याने 'जहांगीरनामा' या ग्रंथासाठी राज्यारोहणाचे चित्र काढले. त्यावर प्रसन्न होऊन जहांगीरने त्याला 'नादिर-उझ-झमान' (युगातील अद्वितीय) हा किताब दिला. वडिलांपेक्षा मुलाची कला श्रेष्ठ आहे, असे जहांगीरचे मत होते.

रूपकचित्रे

इ.स. १६१६च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्यावर खोवलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडताना दिसतो. पृथ्वीगोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर उभा आहे. सम्राट हा विश्वाचा आधार आहे, असे यातून सुचवले आहे. हे चित्र डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलादालनातील दुसऱ्या चित्रात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला आलिंगन देतो. दोघांमागे सूर्यचंद्रांचे मोठे तेजोवलय आहे. जहांगीर सिंहावर, तर आकाराने लहान दाखवलेला शाह मेंढीवर उभा आहे. हे दृश्य जहांगीरच्या स्वप्नावर आधारलेले आहे.

चित्र आणि वास्तव

या चित्रांतील प्रसंग प्रत्यक्षात घडले नाहीत. निजामशाहीचा वजीर आणि खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) या शहराचा संस्थापक मलिक अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. इ.स. १६२४मध्ये अहमदनगरजवळील भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. इ.स. १६२६मध्ये वृद्धापकाळाने त्याचा मृत्यू झाला. जहांगीर व शाह अब्बास यांची भेटही कधी झाली नाही. इ.स. १६२२मध्ये शाहने कंदाहार मोगलांकडून जिंकून घेतले.

महत्त्व

तेजोवलय व पृथ्वीगोल ही युरोपीय चित्रांतून आलेली चिन्हे अबुल हसनने इराणी व भारतीय परंपरेशी जोडली. त्याची चित्रे घटनांची नोंद म्हणून नव्हे, तर सम्राटाच्या आकांक्षेचा आणि रणांगणावर न मिळालेल्या विजयाचा दस्तऐवज म्हणून महत्त्वाची ठरतात.