हिरव्या पानाचे रहस्य

झाडाच्या सावलीत बसले की मन प्रसन्न होते. झाडे हवा शुद्ध करतात, हे आज शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. परंतु ती हे कार्य केव्हा करतात, त्यांचा कोणता अवयव ते करतो आणि त्यासाठी त्यांना कशाचे साहाय्य लागते, हे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी कोणालाही माहीत नव्हते. या कोड्याचा उलगडा ज्याने केला, तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. तो होता एक वैद्य. त्याचे नाव यान इंगेनहाउस.

इंगेनहाउसचा जन्म हॉलंड देशातील ब्रेडा या गावी ८ डिसेंबर १७३० रोजी झाला. लहानपणापासून तो अभ्यासू होता. लॅटिन व ग्रीक या भाषा त्याने उत्तम आत्मसात केल्या होत्या. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून त्याने आपल्या गावीच व्यवसाय सुरू केला. रोग्यांची शुश्रूषा करून जो वेळ उरे, तो विजेच्या आणि वायूंच्या प्रयोगांत जाई. पुढे वडिलांच्या मृत्यूनंतर, वयाच्या पस्तिशीच्या सुमारास, तो इंग्लंडला गेला.

त्या काळी देवीच्या रोगाने युरोपात थैमान घातले होते. हा रोग राजवाडा आणि झोपडी असा भेद करीत नसे. सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील लस निरोगी माणसाच्या कातडीत टोचायची, म्हणजे त्याला सौम्य रोग होऊन तो जन्मभर सुरक्षित राहतो, असा एक उपाय काही वैद्य करीत. पण हा उपाय धोक्याचा होता. थोडी चूक झाली तर जीव जाण्याची भीती असे. इंगेनहाउसने इंग्लंडमध्ये ही विद्या कसून शिकून घेतली. तेथील खेड्यांतील शेकडो लोकांना देवी टोचण्याच्या कामात त्याने भाग घेतला.

याच सुमारास ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा दुःखात बुडाली होती. तिची तीन मुले देवीने हिरावून नेली होती आणि १७६७ साली ती स्वतःही या रोगातून कशीबशी वाचली होती. १७६८ साली इंगेनहाउसला व्हिएन्नास बोलावण्यात आले. राजघराण्यातील मुलांना देवी टोचायची, म्हणजे केवढी जोखीम! परंतु त्याचा हात स्थिर होता आणि अभ्यास पक्का होता. मुले सुखरूप राहिली. महाराणीने त्याला राजवैद्य नेमले आणि भरघोस वेतन दिले. यापुढे ऐषारामात राहणे त्याला सहज शक्य होते. पण ज्याच्या मनाला जिज्ञासेने ग्रासले आहे, त्याला केवळ सुख पुरत नाही.

त्या वेळी शास्त्रज्ञांपुढे एक विलक्षण कोडे होते. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली याने १७७१ साली एक प्रयोग केला. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की आतील हवा दूषित होते. अशा हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली! वनस्पतींनी बिघडलेली हवा सुधारली होती. पण हाच प्रयोग पुन्हा केला असता तो कधी साधे, तर कधी फसे. काही वेळा तर झाडामुळे हवा अधिकच बिघडलेली आढळे. मग खरे काय मानावे? प्रयोग चुकत होता, की निसर्गच लहरी होता?

१७७९ साली इंगेनहाउस काही काळ इंग्लंडला आला होता. त्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या खेड्यात त्याने एक घर घेतले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःला प्रयोगांत गाडून घेतले. तीन महिन्यांच्या आत त्याने पाचशेहून अधिक प्रयोग केले.

त्याची पद्धत साधी होती. काचेच्या भांड्यात पाणी भरून त्यात तो ताजी पाने बुडवी. भांडे उन्हात ठेवताच पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसू लागत आणि वर जमत. हा वायू त्याने तपासला. त्यात मेणबत्तीची ज्योत अधिकच तेजाने जळे. तो प्राणवायू होता. भांडे अंधारात नेले की बुडबुडे थांबत. रात्रभर अंधारात ठेवलेल्या पानांभोवतालची हवा तर बिघडलेली आढळे.

पण हा परिणाम उन्हाच्या प्रकाशाचा, की उष्णतेचा? इंगेनहाउसने पाने उन्हाऐवजी विस्तवाच्या उबेत ठेवून पाहिली. हवा सुधारली नाही. म्हणजे प्रकाशच हवा! नंतर त्याने झाडाचा एकेक अवयव तपासला. पाने व हिरवे देठ हे काम करीत. मुळे, फुले व फळे करीत नसत. कोड्याचा उलगडा झाला. पूर्वीच्या प्रयोगांत भांडे उजेडात आहे की अंधारात, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. निसर्ग लहरी नव्हता. पाहणाऱ्याची नजर अपुरी होती.

त्याच वर्षी त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे या शोधाच्या श्रेयावरून वाद झाले आणि त्याचे त्याला दुःखही झाले. त्याची एक समजूतही अतिशयोक्त होती. रात्री झाडे हवा फार बिघडवतात, असे त्याला वाटले. वास्तविक झाडे आपल्यासारखाच श्वासोच्छ्वास रात्रंदिवस करतात. रात्री प्रकाश नसल्याने तेवढाच जाणवतो, पण त्याचे प्रमाण अल्प असते.

त्याने लावलेल्या रोपट्याचा पुढे वृक्ष झाला. झाडे हवेतील कार्बन डायॉक्साइड वायू घेतात, हे जिनेव्हाच्या सनेबिए याने १७८२ साली दाखविले. विसाव्या शतकात या क्रियेच्या दोन अवस्था स्पष्ट झाल्या. पहिल्या अवस्थेत पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते, त्याच्या बळावर पाण्याचे विघटन होते, प्राणवायू बाहेर पडतो आणि शक्ती काही पदार्थांत साठविली जाते. दुसऱ्या अवस्थेत त्या साठलेल्या शक्तीच्या साहाय्याने कार्बन डायॉक्साइडपासून साखर तयार होते. या अवस्थेला प्रत्यक्ष प्रकाश लागत नाही, म्हणून तिला अंधारातील अवस्था म्हणत. परंतु ती बहुधा दिवसाच घडते, कारण पहिल्या अवस्थेत साठविलेली शक्ती लवकरच संपते. या दुसऱ्या अवस्थेतील पायऱ्या शोधून काढल्याबद्दल अमेरिकेतील मेल्विन कॅल्विन यास १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इंगेनहाउसचे अखेरचे दिवस इंग्लंडमध्ये गेले. ७ सप्टेंबर १७९९ रोजी बोवूड येथील वाड्यात त्याचे निधन झाले. योगायोग असा, की याच वाड्यात पंचवीस वर्षांपूर्वी प्रीस्टलीने प्राणवायूचा शोध लावला होता. एकाने तो वायू शोधला. दुसऱ्याने तो उन्हात न्हालेल्या हिरव्या पानांतून बाहेर पडताना पाहिला. राजपुत्रांचे प्राण वाचविणाऱ्या या वैद्याने सृष्टीला श्वास कोठून मिळतो, हे जगाला शिकविले.